खंजिरापेक्षा क्षितिज कामाचं

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमध्ये फजाडा ब्यूट या टेकडीवर सूर्यखंजीर आहे: शिळांच्या फटींतून येणारी उन्हाची खंजिरासारखी तिरीप दगडात कोरलेल्या सर्पिलावर पडते आणि अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस, दाखवते. त्यावरून पेरणीचा दिवस ठरत असावा, असं काही जण म्हणतात. पटत नाही. अयनदिनाच्या आसपास सूर्य जवळजवळ थबकतो, काही दिवस फरकच कळत नाही. होपी आणि झुनी या तिथल्या आदिवासी जमातींचे सूर्यनिरीक्षक म्हणूनच सूर्य क्षितिजावरच्या डोंगरांच्या कोणत्या खाचेतून उगवतो ते पाहत. त्या अक्षांशावर उगवतीची जागा मार्च-सप्टेंबरात रोज सुमारे अर्धा अंश, म्हणजे सूर्यबिंबाएवढी सरकते. हव्या दिवसाच्या दोनेक आठवडे आधीची खूण धरायची आणि पुढे दिवस मोजायचे.

उभं राहायची जागा मात्र ठरलेलीच हवी. खाच १ किलोमीटरवर असेल आणि तुम्ही १० मीटर बाजूला सरकलात, तर अर्ध्या अंशाहून जास्त चूक! खंजिराच्या शिळा तर १९८९ मध्ये सरकलेल्याच आढळल्या. माणसांच्या वर्दळीने पायाची माती झिजली होती.