मदत हवी आहे: ब्लूज हार्मोनिकाच्या सरावासाठी बॅकिंग ट्रॅक कुठे मिळतील? (तातडीचं)

रात्रपाळी:
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. क्लासिक ब्लूज गाणी हार्मोनिकावर वाजवायची आहेत, मागे नुसता बँड हवा. यूट्यूबवर शोधून शोधून डोळे गेले. एकतर त्यात आधीच कोणीतरी हार्मोनिका वाजवून ठेवलेली असते, नाहीतर माझे सूर ट्रॅकशी भांडतात. चांगले ट्रॅक कुठे मिळतात एवढंच सांगा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मित्राच्या बँडबरोबर एक गाणं वाजवायचं कबूल करून बसलोय. "आधी गुरू करा" वगैरे सल्ले नकोत, वेळ नाही.

फुंकणी:
कोणतं गाणं? हार्मोनिका कोणत्या सुराची? भोकं किती?

रात्रपाळी:
सांगितलं ना, क्लासिक. ज्यूक, मॅनिश बॉय, हेल्प मी, असलीच. हार्मोनिका साधीच आहे. प्रश्न ट्रॅकचा आहे.

मी_शांता:
कराओकेचे ट्रॅक भरपूर मिळतात हो. मी 'है अपना दिल तो आवारा' त्यावरच बसवलं. १९५८च्या सोलवा सालमधलं, माउथऑर्गन स्वतः पंचमदांनी वाजवलाय. सोप्यापासून सुरुवात करा.

रात्रपाळी:
ताई, धन्यवाद, पण मला ब्लूज हवंय.

खटपट्या:
हे काय विचारणं झालं? मूळ गाणं घे, एआयवाल्या ॲपमध्ये टाक, हार्मोनिका काढून टाक, उरलेल्यावर वाजव. दोन मिनिटांचं काम. त्यातलं स्प्लीटर तर २०१९पासून फुकट आहे.

जुनीतबकडी:
@खटपट्या, ज्यूकवर करून पाहिलंयत का कधी? ही ॲपं साधारण चार वाटे करतात: गाणाऱ्याचा आवाज, ड्रम, बेस आणि 'इतर'. हार्मोनिकाला स्वतःचा वाटाच नाही. ती कधी 'इतर'मध्ये गिटारींच्या गळ्यात पडते, कधी गाणारा समजून आवाजात जाते. १२ मे १९५२चं रेकॉर्डिंग आहे, मोनो, हार्मोनिकावाल्या लिटल वॉल्टरच्या मागे मडी वॉटर्स आणि जिमी रॉजर्सच्या गिटारी अन् एल्गा एडमंड्सचे ड्रम, बस्स. बेस वाजवणारा नाहीच. 'इतर' काढलंत की हातात ड्रम उरतो. आठ आठवडे अमेरिकेच्या आर-अँड-बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिल्या नंबरावर असलेल्या वादनाचं असं भरीत करू नये. रेकॉर्ड लावा आणि त्याच्या जोडीनं वाजवा, आम्ही तसंच शिकलो.

खटपट्या:
तुमच्या वेळी ॲप नव्हतं म्हणून तसं शिकलात. आणि जोडीनं वाजवलं तर आपण चुकतोय हे कळणार कसं, वॉल्टर सगळं झाकतो. हेल्प मीवर करून पाहिलंय मी, ऑर्गन आणि ड्रम बऱ्यापैकी राहतात.

जुनीतबकडी:
"बऱ्यापैकी".

फुंकणी:
रात्रपाळी, दुसऱ्यांदा विचारतोय. हार्मोनिकेवर काय लिहिलंय? फोटो टाका.

रात्रपाळी:
फोटो इथे चढत नाहीये. दहा भोकं, उजव्या कडेला 'सी' लिहिलंय. म्हणूनच मी 'ब्लूज इन सी' असे ट्रॅक शोधून त्यावर वाजवतोय. एवढं तरी कळतं मला.

फुंकणी:
सापडलं! ट्रॅक बरोबर आहेत, तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. सीच्या हार्मोनिकेवर हे ब्लूज जी मध्ये वाजवतात. ओढायच्या सुरांवर, म्हणजे श्वास आत घेऊन. 'क्रॉस हार्प' किंवा सेकंड पोझिशन म्हणतात त्याला. म्हणून शोधायचं 'जी ब्लूज शफल', शफल म्हणजे ब्लूजचा झुलता ताल. बारा बारचे (एक बार म्हणजे चार मात्रा) साधे ट्रॅक ढिगानं आहेत, नावात 'जॅम ट्रॅक' लिहिलं की हार्मोनिकेविना मिळतात. सी मध्येही ब्लूज वाजतं, ब्लूजवाला जिमी रीड वरच्या टोकाला तसंच वाजवायचा, पण तुम्ही म्हणताय ती गाणी तशी नाहीत.

रात्रपाळी:
कळलं नाही. सी ची आहे तर जी का?

पांढरीपाच:
मी सांगतो, पेटीच्या भाषेत. तुमच्या हार्मोनिकेचा सा पांढरी एक. ब्लूजवाले पंचमाला सा करतात, म्हणजे पांढरी पाच. आता तिथून तेच सूर मोजा: सा रे ग म प ध, आणि निषाद कोमल. खमाज थाट. दुसरं भोक ओढलं की सा, चौथं ओढलं की प. तिसरं ओढलं की शुद्ध ग, आणि तोच ओढता ओढता जीभ मागे घेऊन खाली दाबला की कोमल ग. सगळी मजा त्या ग आणि कोमल ग च्या मधल्या जागेत आहे. चौथंही अर्धा सूर दाबलंत तर तीव्र मध्यम. मी पेटीवाला, पण नातवाची हार्मोनिका हातात आली आणि रात्रभर झोपलो नाही.

जुनीतबकडी:
पेटीवर ती मधली जागा मिळत नाही म्हणूनच झोप उडाली असणार.

पांढरीपाच:
खरंय! आणि ट्रॅक कशाला शोधताय? तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचला लावा आणि मॅनिश बॉय वाजवा. ते गाणं एकाच कॉर्डवर आहे.

जुनीतबकडी:
मॅनिश बॉयपुरतं चालेल. ज्यूकला नाही. बारा बारमध्ये पाचव्या बारला मध्यमावर जायचं असतं, तुमचा तानपुरा जागचा हलत नाही. पहिले चार बार सा, मग दोन म, दोन सा, नववा प, दहावा म, शेवटचे दोन परत सा. हे कानात बसलं नाही तर हार्मोनिकावाला सहाव्या बारलाच हरवतो. त्यापेक्षा साथ करणारं आयरियल प्रो घ्या. एकदाच पैसे भरायचे, बारा बार मांडायचे, शफल निवडायचं, सूर जी, लय हवी तेवढी कमी. बेस-ड्रम-पियानो यंत्राचे असतात, जरा कोरडे, पण न थकता वाजवत राहतात.

खटपट्या:
म्हणजे ॲपच ना शेवटी 😀

मावळतीकडचा:
मी शिकागोत असतो. तुम्ही इकडे आलात तर २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यूला नक्की जा, चेस रेकॉर्ड्स या ब्लूजच्या रेकॉर्ड कंपनीची जुनी इमारत. आता तिथे ब्लूज गीतकार विली डिक्सनची ब्लूज हेवन फाउंडेशन आहे. ज्यूक जिथे झालं तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो.

जुनीतबकडी:
काटा येऊ द्या, पण ज्यूक तिथलं नाही. चेस त्या इमारतीत आलं १९५७ला, ज्यूक ५२चं.

मावळतीकडचा:
बरं. गाइड तसं म्हणाला नव्हता, मीच समजून चाललो होतो.

फुंकणी:
अवांतर आवरा. हेल्प मीसाठी एक जुगाड: ते गाणं बुकर टी आणि एमजीज या बँडच्या ग्रीन अनियन्सवर (१९६२) बेतलेलं आहे, दोन्ही एफ मध्ये. ग्रीन अनियन्सचा ऑर्गनचा ट्रॅक थोडा संथ करा, वर हेल्प मीवाल्या सनी बॉयची हार्मोनिका वाजवा. मात्र एफला हार्मोनिका बी फ्लॅट लागते. तुमच्याकडे सी, म्हणून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये पिच दोन अर्धस्वर वर चढवा, एफचा जी होईल. दोनापर्यंत कानाला खुपत नाही. ज्यूक ई मध्ये आहे, त्याला तीन चढवावे लागतात, मग गिटारी पिपाणीसारख्या ऐकू येतात.

रात्रपाळी:
काल रात्री जी मध्ये संथ शफल लावून वाजवलं. अहो, जमलं! म्हणजे चुकतोय, पण भांडत नाही. दुसरं भोक ओढलं की मात्र आवाज घशात अडकल्यासारखा येतो. मी जीव खाऊन ओढतोय. शेजारच्यांनी भिंतीवर दोनदा ठोकलं. रीड (आतली कंप पावणारी पट्टी) खराब असेल का?

फुंकणी:
तीन महिने मीही रीडलाच शिव्या घातल्या. रीड ठीक असते, ओठ आणि जबडा आवळलेला असतो. चहा प्यायल्यासारखं सुर्रकन ओढू नका. जांभई येताना घसा उघडतो तसा ठेवा आणि हळू श्वास घ्या. जोर लावाल तर चौथ्या भोकाची रीड बेसूर होऊन बसेल, माझी झाली.

आणि आता मुख्य प्रश्न, जो सुरुवातीलाच विचारायला हवा होता. त्या शनिवारी बँड कोणत्या सुरात वाजवणार आहे?

रात्रपाळी:
विचारलं नाही.

फुंकणी:
विचारा.

मी_शांता:
तोपर्यंत एक शंका. माझा माउथऑर्गन चोवीस भोकांचा आहे, त्यावर ते कोमल ग दाबणं जमेना. भाचा म्हणतो मीच कमी पडते.

फुंकणी:
ताई, भाच्याला गप्प बसवा. चोवीसवाला ट्रेमोलो. प्रत्येक सुराला दोन रीड, जरा वेगळ्या लावलेल्या, म्हणून तो थरथरता आवाज येतो. तो आवाज हिंदी गाण्यांना छान, पण त्यावर सूर नीट दबत नाही. ब्लूजला दहा भोकांचीच लागते.

रात्रपाळी:
विचारलं. ज्यूक ठरलंय, ई मध्ये. गिटारवाला म्हणतो उघड्या तारा मिळतात, जी मध्ये मजा नाही, बदलणार नाही. म्हणजे मी आता सी विकू का?

जुनीतबकडी:
ए ची घ्या. ए चा पंचम ई. मूळ रेकॉर्डवरही वॉल्टर ए वरच आहे. मग रेकॉर्डच्या जोडीनंही वाजवता येईल, जे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

खटपट्या:
पहिल्या दिवशी तुम्ही ए चं नावही काढलं नव्हतं.

रात्रपाळी:
इथल्या दोन्ही दुकानांत सी आणि जी सोडून काही नाही. ऑनलाइन मागवली, आठ दिवस लागतील म्हणे. तोवर सराव वाया?

फुंकणी:
वाया कशाला? सी घेऊन जी च्या ट्रॅकवर चालू ठेवा. ए आली की भोकं तीच, ओढणं-फुंकणं तेच, फक्त ट्रॅक ई चा लावायचा. ए खालच्या सुराची, त्यामुळे तिसरं भोक दाबताना जीभ आणखी मागे न्यावी लागेल, पहिले दोन दिवस चिडचिड होईल. लय आत्ता कमी ठेवा, सुरुवातीचा तुकडा न अडखळता दहा वेळा आला की थोडी वाढवा. आणि बँडबरोबर एकदा तरी बसा, ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही पण गिटारवाला थांबेल.

रात्रपाळी:
तो थांबणाऱ्यातला नाही. पण बसतो. सगळ्यांचे आभार, तानपुऱ्यावाल्या काकांचेही, मॅनिश बॉय खरंच जमतंय त्यावर.

पांढरीपाच:
🙏 पांढरी पाचच ना?

मी_शांता:
दहा भोकांची घ्यायची तर मीपण ए घेऊ की सी?