पिपचा ४ गुणांचा नियम: एकूण ९ गुण असूनही पैसे बंद होणार का?

सुगरण_निवृत्त (लेस्टर), २२ जून २०२५

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणारं, पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजची कामं अडणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळणारं किंवा त्यातलं कळणारं कुणी इथे असेल तर कृपया उत्तर द्या. प्रश्न शेवटी आहे, आधी परिस्थिती सांगते.

वय ५४. इथल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. आमवाताने आधी बोटं धरली, मग मनगटं, आता उजवा खांदा. सकाळी उठल्यावर बराच वेळ मुठी वळत नाहीत. बरणीचं झाकण, घट्ट नळ, ब्लाउजचे हुक, सगळं दुसऱ्याच्या हातचं. कणीक मळणं तर कधीच सुटलं.

मला पिपमधल्या डेली लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या कामांसाठीच्या भागाचा, स्टँडर्ड दर मिळतो, आठवड्याला ७३.९० पाउंड. त्याला ८ गुण लागतात, मला ९ आहेत. ते असे: स्वयंपाकाला २, कारण हलकी भांडी, विजेवरचं कटर अशी साधनं लागतात. अंघोळीचे २, कारण केस आणि कमरेखालचं अंग आमचे हे धुऊन देतात. संडासात उंच बैठक बसवलीय, त्याचे २. सलवार-मोजे चढवून द्यावे लागतात, त्याचे २. आणि दर पंधरवड्याचं इंजेक्शन हे टोचतात, त्याचा १. चार गुण एकाही ठिकाणी नाहीत.

१८ मार्चला पिप देणाऱ्या खात्याच्या मंत्री लिझ केंडल बाईंनी पार्लमेंटात जे जाहीर केलं ते सगळ्यांनी वाचलंच असेल. नोव्हेंबर २०२६ पासून नुसते ८ पुरायचे नाहीत, दहा कामांपैकी निदान एकात ४ पाहिजेत. म्हणजे एकूण पास तर व्हाच, शिवाय एका विषयात विशेष योग्यताही मिळवा. आता गेल्या बुधवारी त्याचं बिलही मांडलंय. एकच काम अजिबात न जमणारा माणूस आणि सगळीच कामं अर्धी अर्धी अडणारा माणूस, यात दुसऱ्याला मदत लागत नाही असं कुणी ठरवलं मला कळत नाही. माझा दिवस तर सकाळच्या नळापासून रात्रीच्या पांघरुणापर्यंत अडतो.

आणि गोष्ट ७३.९० वर थांबत नाही. माझ्या डेली लिव्हिंगवर ह्यांचा केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचा भत्ता) चालतो, आठवड्याला ८३.३०. त्यासाठी ह्यांनी गोदामातली पूर्णवेळची नोकरी सोडून थोड्या तासांची धरली, कारण आठवड्याला १९६ पाउंडांपेक्षा जास्त कमावलं की अलाउन्स जातो. माझं पिप गेलं की ह्यांचंही जाणार. दोन्ही मिळून वर्षाचे ८,१७४ पाउंड होतात. मी दोनदा गुणाकार करून पाहिला.

या पैशांतून चैन चालते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. आठवड्यातून चार दिवस एका गुजराती बेनकडून डबा येतो. उरलेले दिवस बेलग्रेव्ह रोडवरून चिरलेली भाजी आणि फ्रोझन रोट्या. चिरलेली भेंडी अख्ख्या भेंडीपेक्षा किती महाग असते ते एकदा दुकानात जाऊन बघा. हिवाळ्यात हीटर बंद ठेवून चालत नाही, गारठ्यात सांधे आणखी आखडतात. बस थांब्यापर्यंत चालवत नाही त्या दिवशी टॅक्सी.

प्रश्न असा. मूल्यांकनाच्या वेळी मी फोनवर सगळं सांगितलं होतं. माझ्या हातून पातेलं सुटतं, चुलीवरून उतरवायला हेच लागतात, पाठीला मला हात पोचत नाही. अहवालात यातलं काहीच आलं नाही, ९ गुण मिळून पैसे मंजूर झाले म्हणून तेव्हा आम्ही वाद घातला नाही. माझं रिव्ह्यू २०२७ साली आहे. आत्ताच फोन करून "तब्येत बिघडलीय, पुन्हा तपासा" म्हणावं का, म्हणजे नियम लागायच्या आत कुठेतरी ४ मिळतील? ह्यांचं म्हणणं करावं. मला भीती वाटते.

ब्रमकर, २२ जून

ताई, फोन करू नका. निदान आज तरी नका.

मी बर्मिंगहॅमला एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस विनावेतन बसतो, पिपचे फॉर्म हाच आमचा निम्मा दिवस. तुम्ही स्वतःहून पुन्हा तपासा म्हटलं की फक्त स्वयंपाकाचा रकाना उघडत नाही, सगळी फाइल उघडते. नऊचे सात झाले तर नोव्हेंबर २०२६ ची वाट बघायलाही नको, पैसे तिथेच थांबतील. मग एका महिन्यात मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे खात्याकडेच फेरविचार, मागा, तिथेही नाही म्हणाले तर ट्रायब्युनलात अपील. तब्येत खरोखर बिघडली असेल तर कळवावंच लागतं, ती गोष्ट वेगळी. पण बिल अजून पास व्हायचंय, आणि सत्ताधारी लेबर पक्षाच्याच बऱ्याच खासदारांनी ते अडवण्याच्या ठरावावर सह्या करायची तयारी चालवलीय असं कानावर येतंय. थांबा जरा.

दरम्यान कागद तयार ठेवा. तुमच्या पोस्टमध्येच दोन ठिकाणी ४ गुण लपलेत.

पहिलं अंघोळ. केस किंवा कमरेखालचं अंग धुवायला मदत लागली तर २. टबात किंवा शॉवरमध्ये आत-बाहेर करायला मदत लागली तर ३. खांदा ते कंबर या भागासाठी मदत लागली तर ४. पाठीला हात पोचत नाही हे तुम्ही तुमचं तुम्हीच लिहिलंय. नियम कुणी असे केले मला विचारू नका, बारा वर्षं झाली पिप येऊन, रोज नवल वाटतं.

दुसरं स्वयंपाक. साधन वापरून जमतं असं लिहिलं की २. दुसऱ्या माणसाची मदत किंवा देखरेख लागते असं असेल तर ४. पातेलं हातून सुटतं, उतरवायला नवरा लागतो, म्हणजे कटर असून भागत नाही, माणूस लागतो. आणि लक्षात घ्या, तिथे साधं जेवण म्हणजे एका माणसापुरतं, ताज्या जिनसांचं, ओट्याच्या उंचीवर शिजवलेलं. पोळ्या लाटता येत नाहीत हे कितीही कळकळीने सांगितलं तरी गुण मिळत नाहीत. आपल्या बायका नेमकं तेच सांगत बसतात. त्यापेक्षा बटाटा सोलता येतो का, सुरी धरता येते का, उकळतं पाणी गाळता येतं का, ते सांगा.

काम "जमतं" कधी धरायचं याचाही नियम आहे: सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा, आणि निरोगी माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता. निम्म्याहून जास्त दिवस यातलं एक जरी बसत नसेल तर ते काम जमत नाही असंच धरायला हवं. रोज दोन ओळींची वही ठेवा. काय सांडलं, कुणी उतरवलं, किती वेळ लागला. औषधाच्या मागे मात्र लागू नका, गोळ्या-इंजेक्शनला मदत कितीही लागो, १ च्या वर जात नाही.

कृष्णाकाठ (सांगली), २३ जून

राग मानू नका, पण वाचून चक्रावलो. आठवड्याला ७३ पाउंड म्हणजे आपले साडेआठ हजार झाले! मला लहानपणी पोलिओ झाला. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० मिळतात. आत्ता याच महिन्यात बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते ते दिव्यांगांना महिना ६००० द्या म्हणून, कर्जमाफी आणि बाकीच्या मागण्यांसोबत. तुमचं दुःख खोटं म्हणत नाही, पण इथून बघताना जरा वेगळं दिसतं.

सुगरण_निवृत्त, २३ जून

दादा, राग कसला. १५०० मध्ये तुम्ही काय करत असाल ते मला इथे बसून कळायचं नाही. पण रुपयात केलं की मी श्रीमंत दिसते, आणि घरभाडं, गॅस, डबा मला पाउंडातच द्यायचं असतं. माझे ७३ बंद झाले म्हणून तुमचे १५०० वाढणार असते तर बोलले नसते. तुम्ही ६००० मागा, माझा पाठिंबा आहे, सही लागली तर सांगा, अंगठ्याने करीन.

@ब्रमकर, मनापासून आभार. फोन करत नाही. ह्यांना तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. पाठीचं ऐकून म्हणाले, मग मी इतकी वर्षं दोन गुणांचंच काम करत होतो का.

कृष्णाकाठ, २४ जून

पटलं ताई. आणि काठावरच्या गुणांचं म्हणाल तर ते इकडेही आहेच. ४० टक्क्यांचा दाखला असेल तर माणूस दिव्यांग, ३८ निघाले तर धडधाकट. आमच्या चुलतभावाला ३८ दिलेत. आम्हा दोघांना शेजारी-शेजारी चालवलं तर कोण ३८ आणि कोण ४० च्या पुढचा, सांगता येणार नाही.

हॅरोची_आई, २५ जून

सगळे पिपबद्दल बोलताहेत, माझी काळजी दुसरी आहे. मुलगा १८ चा, ऑटिझम. पिप आहे, त्यात ४ गुण एकाच नव्हे, तीन ठिकाणी आहेत, तो प्रश्न नाही. पण कॉलेज सुटल्यावर त्याला युनिव्हर्सल क्रेडिटमधला (कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या सरकारी भत्त्यातला) आजारपणाचा भाग लागणार. बिलात नव्या लोकांसाठी तो आठवड्याला ९७ वरून ५० करताहेत, एप्रिल २०२६ पासून. आणि सरकारच्या हिरव्या कागदात (ग्रीन पेपर, मतं मागवण्यासाठी काढलेले प्रस्ताव) तर २२ वर्षांखालच्यांना तो देऊच नये का, असं विचारलंय. २२ व्या वाढदिवसाला ऑटिझम सुरू होतो की काय? याबद्दल कुणीच का बोलत नाही?

फिलाडेल्फियावाला, २५ जून

मूळ प्रश्न सरकारकडे पैसेच नाहीत हा आहे. पाच अब्ज वाचवायचे तर कुठून तरी वाचवावे लागणारच.

ब्रमकर, २५ जून

पाच अब्ज कुणाच्या खिशातून, ते सरकारनेच लिहून ठेवलंय: २०२९-३० पर्यंत ३ लाख ७० हजार चालू लाभार्थी, सरासरी वर्षाला ४,५०० पाउंड प्रत्येकी. सगळे बदल मिळून अडीच लाख माणसं गरिबीत जातील, त्यात ५० हजार मुलं, हाही अंदाज त्यांचाच. लोकांची मतं मागवली म्हणतात, पण ४ गुणांच्या नियमावर मत मागितलंच नव्हतं, तो ठरवूनच आणला. आणि पिप ही नोकरी नसल्याची भरपाई नव्हे. नोकरी करणाऱ्यालाही मिळतं, कित्येक जण त्याच्याच जोरावर कामावर जाऊ शकतात. ते काढून घेतलं की माणूस कामाला लागतो, हे गणित मला तरी सुटलेलं नाही.

सुगरण_निवृत्त, २७ जून

आज सकाळी बातमी आली. आत्ता ज्यांना पिप आहे त्यांना नवा नियम लावणार नाहीत, फक्त नोव्हेंबर २०२६ नंतरच्या नव्या अर्जांना. भाच्याने फोन करून सांगितलं, मावशी तू सुटलीस.

मी सुटले हे खरं, खोटं कशाला बोलू, दोन घास जास्त गेले. पण माझी धाकटी जाऊ कॉव्हेंट्रीला असते, तिलाही हाच आजार, मागच्या वर्षी निदान झालं. अजून नोकरी रेटतेय, पिपचा अर्ज केलेला नाही. तिची बोटं २०२७ मध्ये माझ्या आजच्यासारखी झाली की तिला शून्य आणि मला ७३.९०? एकाच घरातल्या दोन सुना, एकच दुखणं. हिला आत्ताच अर्ज करायला सांगू का?

ब्रमकर, २७ जून

तिला आज ज्या अडचणी आहेत त्यांवर ८ गुण होत असतील तर सांगा, नियम बदलो न बदलो. पिपला किमान तीन महिन्यांपासूनचा त्रास आणि पुढचे नऊ महिने टिकेल असा असावा लागतो. पण पुढे होणाऱ्या त्रासासाठी आज अर्ज करता येत नाही.

कृष्णाकाठ, २ जुलै

ताई, इकडच्या पेपरातही आलं! मागे घेतलं म्हणे?

सुगरण_निवृत्त, २ जुलै

हो दादा. काल संध्याकाळी मतदानाच्या दीड-दोन तास आधी मंत्री स्टीफन टिम्स उभे राहिले आणि पिपचं कलमच बिलातून काढतो म्हणाले. उरलेलं बिल ३३५ विरुद्ध २६० ने पुढे गेलं. आता टिम्स स्वतः पिपच्या मूल्यांकनाचा आढावा घेणार, अपंगांना सोबत घेऊन, आणि त्यानंतरच काय ते ठरणार. २०२६ च्या शरदात अहवाल म्हणतात. म्हणजे जावेचंही तूर्त टळलं.

हे मात्र सावध आहेत. "चार गुण गेले, पण गुणांची पट्टीच बदलली तर?" असं जेवताना म्हणाले. उत्तर नव्हतं माझ्याकडे. वही सुरू ठेवलीय.

हॅरोची_आई, २ जुलै

अभिनंदन सगळ्यांचं. ५० पाउंडांचं कलम तसंच आहे, पाहिलं का कुणी?

ब्रमकर, ३ जुलै

पाहिलं. तुमचं वाक्य मागे पडलं खरं, कालच्या गडबडीत बहुतेकांचं पडलंय. सध्याची स्थिती: एप्रिल २०२६ नंतर नव्याने येणाऱ्यांना साधारण ५० च, फक्त आयुष्यभर न सुधारणाऱ्या अतिगंभीर स्थितीचे निकष जे पूर्ण करतात आणि ज्यांचं आयुष्य थोडं उरलंय त्यांना जुना दर. २२ वर्षांची अट या बिलात नाही, तो नुसता प्रस्ताव आहे, त्यावर मतं द्यायची मुदत ३० जूनला संपली.

मुलगा अजून पूर्णवेळ शिकतोय का, आणि काम करण्याच्या क्षमतेचं मूल्यांकन झालंय का, ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. शिकणाऱ्या मुलांचे युनिव्हर्सल क्रेडिटचे नियम किचकट आहेत आणि आधी कुठला अर्ज करायचा यावर बरंच अवलंबून असतं. मी गुरुवारी केंद्रात असतो, तिथल्या ज्या बाई फक्त हेच बघतात त्यांना विचारून सांगतो. तोवर त्याचं काहीही बंद करू नका, कुठल्याही फोनवर "हो" म्हणू नका, सगळं लेखी मागा.