पाहुणे जेवायला येणारेत, मुख्य पदार्थ काय ठरवता? अनुभव सांगा

पुढच्या शनिवारी आमच्याकडे बारा जण रात्री जेवायला आहेत. त्यात एक जैन जोडपं, शुगरवाले एक काका आणि तीन लहान मुलं. चटण्या, कोशिंबिरी, गोड यावर माझं अडत नाही, अडतं ते मुख्य भाजी आणि भातावर. मागच्या वेळी कुणाला काय आवडेल सांगता येत नाही म्हणून चार भाज्या केल्या, प्रत्येकानं चमचा-चमचा घेतली, उरलेलं बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये होतं, आणि दोन वर्षांनी नाशिकहून आलेल्या माझ्या मैत्रिणीशी मी दारात निरोप देतानाच काय ती बोलले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून विचारतेय, तुम्ही काय करता, किती करता, काय चुकलं, सगळं सांगा.

*

मी आधी भात ठरवते, आणि तो मसालेभात. आपल्या साध्या मसालेभातात कांदा-लसूण नसतोच त्यामुळे निम्मं काम झालेलं असतं. बारा जणांना पुऱ्या पण असतील तर पाऊण किलो तांदूळ पुरतो, नुसताच भात असेल तर किलोभर घ्या. जुना तांदूळ घ्या, नवा आंबेमोहोर वासाला छान पण गिचका होतो. तोंडली उभी चिरून आधी तेलावर चांगली परतायची, मग तांदूळ, गोडा मसाला आणि उकळतं पाणी. खोबरं-कोथिंबीर आणि साजूक तूप वाढताना, आधी नाही. सोबत मठ्ठा.
पण जैन पाहुणे म्हणजे फक्त कांदा-लसूण नाही हं, बटाटा, गाजर, ओलं आलं पण नाही, बरेच जण वांगं आणि फ्लॉवरही खात नाहीत. आणि मी एकदा सगळं बरोबर केलं तरी ते दोघं जेवलेच नाहीत, कारण चौविहार होता, सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत आणि मी ताटं घेतली साडेआठला. इतक्या लांबून आलेली माणसं पाणीही न पिता बसली होती. तेव्हापासून काय खाता विचारते तसं किती वाजता जेवता हेही विचारते.

*

आम्ही कोल्हापूरचे, आमच्यात पाहुणा म्हटलं की मटणच, त्यात निवड कसली. माणशी पाव किलो धरतो. लोकांना वाटतं तांबडा, पांढरा, सुक्कं म्हणजे तीन स्वयंपाक, तसं नाही, मटण एकदाच शिजवायचं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात. तुकडे काढले की सुक्कं, आणि अळणी पाण्याचे, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्याचे, दोन भाग, एकाचा तांबडा, एकाचा पांढरा. सकाळी शिजवून ठेवलं तर संध्याकाळी तासाभराचं काम राहतं.
एकच जपायचं, पांढऱ्यात नारळाचं दूध घातलं की गॅस बारीक आणि पळी फिरती ठेवायची, उकळी येऊ द्यायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरे जेवायला आले तेव्हा मी बोलत बसलो आणि मोठ्या आचेवर सगळा पांढरा फाटला. वडील काही बोलले नाहीत, उठून दुसरा नारळ फोडायला घेतला आणि म्हणाले, तू पाव्हण्यांजवळ बस जा.

*

गोव्याकडून एक सांगते, वीस माणसांना तळलेले मासे ठरवू नका. फ्राय तव्यावरून थेट ताटात यायला हवा, म्हणजे तुम्ही अख्खी रात्र तव्यापाशी. त्यापेक्षा हुमण करा, म्हणजे नारळाच्या वाटणाची माशांची आमटी, तिरफळं ठेचून घातलेलं बांगड्याचं हुमण दोन तास मुरलं की जास्तच छान लागतं. मात्र मासे खायची सवय नसलेले कुणी असतील तर बांगडा नको, सुरमई घ्या, मधला मोठा काटा काढला की निर्धास्त. आमच्याकडे एका पाहुणीच्या घशात काटा अडकला होता, बिचारी पुढे काही जेवलीच नाही.

*

थंडी असेल तर खानदेशी भरीत. भरताची हिरवी वांगी काड्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचून, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. दुसरी भाजी करूच नका, कुणी मागत नाही.

*

मी मूळ नागपूरची, आता डलासला असते. माझं ठरलेलं म्हणजे पाटवडी रस्सा. लेकाच्या मित्राला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही, आणि बेसनात गहू नसतो म्हणून मी निश्चिंत होते. त्याची आई आधी येऊन डबे बघू का म्हणाली, आणि हिंगाची डबी उलटी करून वाचायला लागली. त्यात गव्हाचं पीठ होतं! बांधणीच्या हिंगात बरेचदा असतं, मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. वड्या थापून झाल्या होत्या, सगळ्या बाजूला ठेवल्या आणि नवीन कढईत हिंग न घालता परत बेसन घेरलं, पीठ कडा सोडेपर्यंत ती माझ्याशेजारी उभी होती. तो मुलगा तीनदा रस्सा मागून जेवला, त्याच्या आईचे डोळे भरून आले होते.
वड्या रश्श्यात आधी टाकून ठेवू नका, विरघळतात, ताटात वाढतानाच घाला. जैनांसाठी कांदा-लसूण-आलं सोडून सुकं खोबरं, तीळ भाजून वाटलं तरी रस्सा दाट होतो.

*

सगळ्यांचे मनापासून आभार! आज फोन केला, त्या दोघांचाही चौविहार आहे, मला कल्पनाच नव्हती. तोंडल्यांचा मसालेभात, पाटवडी रस्सा आणि काकांसाठी ज्वारीची भाकरी एवढंच ठरवलंय. वड्या सकाळीच थापून ठेवीन. जेवण साडेपाचला, बाकीच्यांनाही तसं कळवलं, आणि नाशिकच्या मैत्रिणीलाही बोलावलंय, ती तीनलाच येतेय.