लोकलमध्ये नुसतं खिडकीबाहेर बघत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं का?

डोंबिवलीकर: रोज सकाळी मुंब्र्याची खाडी दिसली की मी मोबाइल पर्समध्ये टाकते. दहा मिनिटं काहीच करत नाही. मन कुठल्या कुठे जातं. आईच्या जुन्या इरकलीचं काय शिवायचं, ते काल असंच सुचलं: काठ बाह्यांना, पदर पाठीला! घरचे म्हणतात, त्या वेळात एखादा कोर्स ऐक. तुम्ही असा वेळ राखता का?

रसायनवाला: ताई, मुळीच सोडू नका. शेकोटीपुढे डुलकी लागली असताना स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि बेंझिन या रसायनाच्या रेणूची कड्यासारखी रचना सुचली, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८९० साली स्वतः सांगितलं होतं. अर्थात, त्याआधी तो त्याच कोड्यात बुडालेला होता.

निवांत: रिकामं बसलो तरी मेंदू कामातच असतो. मेंदूचे अभ्यासक मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मेंदूच्या या मूळ अवस्थेला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. माझं मन मात्र रात्री काळज्यांकडेच धावतं, म्हणून मी दुपारी मेथी निवडताना त्याला मोकळं सोडते.

डोंबिवलीकर: मेथीचं अगदी पटलं! उद्यापासून इयरफोन घरीच.