मदत हवी आहे: बायपोलर आणि दारू, दोन्हींवर एकाच ठिकाणी उपचार (सांगली, कोल्हापूर किंवा पुणे)

धाकट्या भावाला बायपोलर (मनःस्थिती कधी अति उत्साहाच्या, कधी नैराश्याच्या टोकाला नेणारा आजार) आहे, त्यावरचं औषध लिथियम चालू आहे. जोडीला दारू, तीही हल्ली सकाळपासून. डॉक्टर म्हणतात, आधी दारू सोडवा, मग बघू. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तर तिथे ‘आमच्याकडे गोळ्या चालत नाहीत’ म्हणून लिथियमच बंद केलं. दारू सुटली, पण मेनिया (आजारातला अति उत्साहाचा झटका) उफाळला. रात्र रात्र जागा, वाटेल तशी उधळपट्टी. घरी आला आणि पुन्हा पिणं सुरू. डॉक्टर आणि केंद्र, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, मधल्या मधे आम्ही.

आत्याने ‘न सांगता दारू सोडवा’वाली पावडर आणली आहे, जेवणात कालवायची म्हणे. मी लपवून ठेवली आहे.

मला विचारायचंय ते एवढंच: दोन्ही आजार एकच टीम बघते अशी जागा कशी ओळखायची? तो स्वतःहून यायला तयार नाही, तेव्हा कायद्याने काय करता येतं?

प्रतिसाद:
ताई, ती पावडर फेकूनच द्या. त्यात डायसल्फिरम (प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असू शकतं. त्यावर दारू पोटात गेली की जिवावर बेतू शकतं, शिवाय सायकोसिस (भास, वास्तवाचं भान सुटणं) बळावू शकतो. आणि सकाळपासून पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येते, भ्रम होतो. उलट्या-जुलाब झाले तर लिथियमची रक्तातली पातळी वाढते, लगेच तपासा.

केंद्राला फोनवर तीनच गोष्टी विचारा. मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की नुसते ‘बोलावले तर’? लिथियम चालू ठेवता का? घरी सोडल्यावर दोन्हींचा फॉलोअप कोण घेतं? पहिल्यावरच अडखळले तर पुढे बोलू नका. बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत व्यसनांसाठी वेगळा विभाग आहे, मानसोपचार त्याच आवारात. सांगलीहून लांब पडेल, पण एकदा नीट निदान करून घ्यायला जाण्यासारखं आहे.

कायद्याचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जच्या वापराशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजारात धरली आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वगैरे अटी बसल्या, तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलणारी, कायद्याने ठरलेली व्यक्ती) अर्जावर ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्र तपासायला हवं. गुंडांकरवी गाडीत कोंबून नेणारी केंद्रं यात बसत नाहीत.

रात्री-अपरात्री अडलात तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

धागाकर्ती:
आभार दादा. आई नामनिर्देशित प्रतिनिधी होऊ शकते का, की तिचं वय ७१ म्हणून अडचण येईल?