दुसरी रॅम लावल्यापासून निळा स्क्रीन येतोय, बोर्ड बदलू का? (सोलापूर)

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, तिथल्या ऑफिसातला डेस्कटॉप लई त्रास द्यायलाय. प्रोसेसर आय फाइव्ह ९४००, मदरबोर्ड एच३१०, विंडोज १०. आधी ८ जीबीची एकच रॅम होती, डीडीआर४, स्पीड २६६६. जॅकार्ड (विणीतली नक्षी) डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि हिशोबाची टॅली एकदम उघडलं की मशीन गुदमरायचं म्हणून अजून एक ८ जीबी टाकली, ती ३२०० ची मिळाली. तेव्हापासून कधी निळा स्क्रीन येतो त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट' असलं काहीतरी, आणि कधी सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात पण डिस्प्लेच नाही. परवा तर सेव्ह केलेली डिझाइनची फाइल उघडेना. दुकानदार म्हणतो बोर्ड गेलाय, नवीनच घ्या. खरंच का ओ? आणि नवी पेठेत कुणी भरवशाचा माणूस असेल तर सांगा.

जुळे_सोलापूरकर
बोर्ड गेला असं नुसतं बघून कसं कळलं त्यांना? थांबा जरा, खर्च करू नका.

२६६६ आणि ३२०० एकत्र लावलं म्हणून बिघडलं असं नाही, बहुतेक वेळा दोन्ही कमी स्पीडला चालतात आणि तुमच्या बोर्डावर तसंही २६६६ च्या वर जाणार नाही. दर वेळी वेगळा एरर येतो हे मात्र रॅमकडेच बोट दाखवतं, ड्रायव्हरचा घोळ असता तर सहसा तोच तोच एरर आला असता. विंडोजचा स्वतःचा मेमरी डायग्नोस्टिक आहे पण तो लई वरवर बघतो, त्यात पास झालं म्हणजे रॅम चांगली असं धरू नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासायचा प्रोग्राम) टाका, फुकट आहे, त्यावरून बूट करून रात्रभर सोडा. बूट होईना तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्राम बूट होऊ न देणारं कुलूप, बंद करा. लाल ओळ एक जरी आली तरी नापास, "एकच तर एरर आहे" वगैरे चालत नाही.

पण दोन्ही रॅम लावून टेस्ट करून काही कळणार नाही. एक रॅम एका स्लॉटात, मग तीच दुसऱ्या स्लॉटात, मग दुसरी रॅम तशीच. एरर रॅमच्या मागे फिरतो की स्लॉटच्या मागे, एवढंच बघायचंय.

पेठेतला_पोरगा
एकदा फॉरमॅट मारून बघा, माझं असंच झालेलं, नीट झालं.

जुळे_सोलापूरकर
@पेठेतला_पोरगा नको बे, काहीतरी सांगतो. रॅम खराब असताना फॉरमॅट मारला तर नवीन विंडोजच्या फाइली त्याच खराब रॅममधून डिस्कवर उतरणार, म्हणजे घाण परत आत. टॉवेलवाले, तुमची डिझाइनची फाइल उघडेना हे मला निळ्या स्क्रीनपेक्षा जास्त भीतीचं वाटतं. निळा स्क्रीन निदान ओरडून सांगतो, पण रॅममध्ये एखादा आकडा बदलला आणि तो गुपचूप टॅलीत सेव्ह झाला तर तुम्हाला कळणार पण नाही. म्हणून आत्ता त्या मशीनवर टॅलीचा डेटा रिपेअर, रीराइट काही करू नका. जुन्या बॅकअपवर नवीन बॅकअप चढवू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथून कॉपी घ्या.

लूमकाका
मी नीलम नगरचा, घरातच लूम आहेत. कारखान्यातल्या मशीनचं एक वेगळंच असतंय बघा. कॅबिनेट उघडून रॅमच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारा, आत कापसाची बारीक तूस बसलेली असते, पांढरी, मऊ, स्लॉटच्या अगदी तळाला. वरून रॅम दाबली की ती तिथंच घट्ट होते आणि चारदोन पिना नीट टेकतच नाहीत. दुसरा स्लॉट तर तुमच्याकडं इतकी वर्षं उघडाच होता, मग त्यात किती गेलं असंल विचार करा.

वायर काढायची, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावून मगच आत घालायचा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायच्या, चुरा ब्रशनं झाडायचा, झाडताना तो स्लॉटवर पडू द्यायचा नाही. स्लॉटला कोरडा मऊ ब्रश किंवा हवेचा कॅन. तोंडानं फुंकर अजिबात नको, थुंकी उडते. आणि युनिटमधल्या कॉम्प्रेसरची हवा तर नकोच नको, त्यात पाणी असतंय. लावताना दोन्ही बाजूचे क्लिप टक् करून बसले पाहिजेत, काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असतो, तिथं लोक फसतात.

होटगीरोड
कॉम्प्युटरच्या आतला पॉवर सप्लाय पण बघा, लूमच्या लाइनवर व्होल्टेजची बोंब असते आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका.

टॉवेलवाला
लई धन्यवाद सगळ्यांना. डिस्क काढून बॅकअप घेतला. लूमकाका, तुम्ही म्हणालात तसंच, दुसऱ्या स्लॉटातून चिमट्यानं तुसाची अख्खी वात निघाली, फोटो काढायला पाहिजे होता. साफ केल्यावर डिस्प्ले न येण्याचा प्रकार थांबलाय. पण मेमटेस्ट असं सांगतोय: पहिल्या स्लॉटात जुनी रॅम पास, नवीन पण पास. दुसऱ्या स्लॉटात दोन्ही नापास, फक्त एरर आधीपेक्षा कमी. सप्लाय भावाच्या मशीनचा लावून बघितला, तेच.

जुळे_सोलापूरकर
म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या. हेच पाहिजे होतं. आता भानगड दुसऱ्या स्लॉटात, किंवा त्याच्या बोर्डावरच्या लाइनीत, किंवा प्रोसेसरखालच्या सॉकेटमध्ये. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, प्रोसेसरमध्येच असतो ना, त्यामुळं सॉकेटमधली एखादी पिन वाकडी असली किंवा प्रोसेसरवरचा कूलर एका कोपऱ्यात जास्त दाबला गेला असला तरी एका बाजूची रॅम नाटकं करते. मध्ये कुणी कूलर काढला होता का?

टॉवेलवाला
हो की! उन्हाळ्याच्या आधी सर्व्हिसिंगवाल्यानं कूलर काढून त्याच्याखालची पेस्ट बदलली होती. दुसरी रॅम त्यानंतरच घेतली त्यामुळं तेव्हा काही कळलं नसणार.

जुळे_सोलापूरकर
मग कूलर सैल करून त्याच्या चारी पिना आडव्यातिडव्या क्रमानं परत बसवून बघा, एवढं घरी जमतं, पेस्ट नवीन लावा फक्त. प्रोसेसर मात्र स्वतः उचलू नका, त्या बोर्डाच्या पिना केसासारख्या असतात, बोट लागलं की खलास. दुकानात तुमच्या समोर उघडायला सांगा आणि भिंगातून बघा.

टॉवेलवाला
कूलर परत बसवला, फरक नाही. दुकानात समोर उघडलं, पिना सरळ दिसतात. तो परत नवीन बोर्डावरच आलाय.

होटगीरोड
मग दुसरा स्लॉट सोडून द्या ना राव. एच३१० ला एका स्लॉटात १६ जीबी चालते. ३२०० वाली ८ जीबी अजून नवीनच आहे, त्याच दुकानात बदलून १६ ची एकच घ्या, वरचा फरक द्या. रॅमचे भाव सध्या चढलेत खरे पण बोर्डाच्या फंदात पडण्यापेक्षा बरं. एकाच स्लॉटात सिंगल चॅनलला, म्हणजे रॅमच्या एकाच वाटेनं, चालेल, टॅलीला त्याचा पत्ता पण लागणार नाही, डिझाइन फिरवताना थोडं जड वाटलं तर वाटेल.

टॉवेलवाला
हे पटलं. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. घेताना काय बघू?

होटगीरोड
डीडीआर४, १.२ व्होल्ट, लांब डेस्कटॉपवाली, लॅपटॉपची आखूड नको. सर्व्हरची ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम स्वस्तात मिळते म्हणून कुणी गळ्यात मारेल, ती घेऊ नका. २६६६ असो की ३२००, जी स्वस्त मिळेल ती. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि रॅमवरचा स्टिकर काढू नका, नाहीतर वॉरंटीला नाटकं करतात. घरी आणली की आधी रात्रभर मेमटेस्ट, मगच टॅली.

लूमकाका
आणि त्या रिकाम्या स्लॉटवर कागदाची पट्टी लावून 'खराब' लिहून ठेवा, पुढच्या वेळी सर्व्हिसिंगवाला परत तिथंच रॅम घालंल.