मदत हवी आहे: बदलांसाठीचा राखीव वेळ नेमका कुठे ठेवावा?

प्रोजेक्ट १७ आठवड्यांचा आहे: गरजा निश्चित करणे २, आराखडा ३, बांधणी ८, चाचणी ३, हस्तांतर १. शेवटची तारीख हलणार नाही.

खरी अडचण बांधणीत येते. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून आलेला अर्ध्या दिवसाचा बदल आराखड्यातली दुरुस्ती, फेरचाचणी आणि कागदपत्रं धरून दोन दिवस खातो, आणि कात्री लागते ती चाचणीलाच. प्रत्येक कामात थोडा जादा वेळ धरला तर तो कुठे जिरतो कळतही नाही. म्हणून बांधणी ६ आठवड्यांत बसवून २ आठवडे एकत्र राखायचे आहेत.

ते चाचणीच्या आधी ठेवावेत की क्रिटिकल पाथच्या (एकमेकांवर अवलंबून कामांची सर्वांत लांब साखळी, जिच्यावर शेवटची तारीख ठरते) अगदी शेवटी? नवे बदल घेणं कितव्या आठवड्यात थांबवता? आणि मंजुरीची सही कोणाची, बजेट ज्याच्या हाती त्याची की वापरणाऱ्यांची?